भुताच्या हवेलीचा मालक कोण?

आंबेडकरी माणसाने भुताखेतांचे सिनेमे का बघावेत? कल्याण पूर्वेच्या एका विहारात महिन्यातून एका शनिवारी आम्ही काही मंडळी जुने कृष्णधवल चित्रपट डीव्हीडीवर दाखवतो. फळ्यावर 'बीस साल बाद'चे नाव लिहिले आणि चळवळीत केस पांढरे झालेल्या एका दादांनी हा प्रश्न सरळ तोंडावर विचारला. "वकीलसाहेब, आमच्या आईबापांनी देव्हारा, अंगात येणे, उतारे, सारे घराबाहेर काढले. तुम्ही ते पडद्यावरून पुन्हा आत आणणार काय?" प्रश्न रास्त आहे. 'करमणूक आहे हो' असे म्हणून तो टाळता येणार नाही.

हे चित्रपट आपल्या वस्त्यांना नवे नाहीत. ऐंशीच्या दशकात ठाण्याच्या कोपरीपासून कल्याणच्या कोळसेवाडीपर्यंत १४ एप्रिलच्या किंवा बुद्ध जयंतीच्या रात्री वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर चोवीस तासांच्या भाड्याने आणत. भाडे वसूल व्हावे म्हणून पहाटेपर्यंत तीन-चार कॅसेट संपवायच्या. जुना कृष्णधवल चित्रपट सगळ्यात शेवटी लागे, कारण तोवर पोरे झोपलेली असत आणि म्हातारी माणसे तेवढी जागी. आम्ही डोळे चोळत जागे राहणाऱ्या पोरांपैकी. कॅसेट कॉपीवरून कॉपी केलेली. काळोख राखाडी दिसे आणि अशोक कुमार कुठे संपतो, हवेलीचा खांब कुठे सुरू होतो हे कळत नसे. पुढे व्हीसीडी आली. २००० नंतरच्या दशकात मोझर बेअर कंपनीने तीस रुपयांच्या आत व्हीसीडी विकायला काढल्या तेव्हा हे चित्रपट घरोघर गेले. पण एका चित्रपटाच्या दोन तबकड्या! ऐन भीतीच्या जागी उठून तबकडी बदलावी लागे आणि भीती तिथेच मरे. डीव्हीडीवर प्रथमच सावली काळी दिसली, आणि ती कोण पाडतो आहे तेही दिसले.

आमचे म्हणणे असे की, त्या काळच्या बहुतेक हवेलीपटांत भूत नसतेच. असतो तो माणूस, आणि त्या माणसाला काहीतरी हवे असते. राज खोसला यांचा १९६४ चा 'वह कौन थी' घ्या. पावसात, पांढऱ्या साडीत, रस्त्याच्या मधोमध उभी असलेली साधना पाहून आजही अंगावर काटा येतो. पण शेवटी निघते काय? वारसाहक्काचे भांडण. डॉक्टर नायक वेडा ठरला की इस्टेट दुसऱ्याला मिळणार, म्हणून त्याला वेडा करण्याचा कट. म्हणजे पहिल्या रिळात भूत आणि शेवटच्या रिळात मृत्युपत्र. दिवाणी न्यायालयात उभे राहणाऱ्या कोणत्याही वकिलाला हे कथानक ओळखीचे वाटेल. अमेरिकेत १९५९ साली विल्यम कॅसलने काढलेल्या 'हाऊस ऑन हाँटेड हिल'मध्येही सांगाडा दोऱ्यांवर नाचवलेला निघतो.

याच्या उलट रामसे बंधूंचे चित्रपट. १९७२ च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'पासून त्यांची रांग लागली, १९८४ च्या 'पुराना मंदिर'ने गल्ला भरला. तिथे सैतान खरा आणि त्याच्यावर उपाय त्रिशूळ. भीती रंगीत झाली आणि प्रश्न विचारणे संपले. दादांचा आक्षेप या चित्रपटांना लावला तर आमची काही हरकत नाही.

'बीस साल बाद' मात्र आपल्या माणसांनी बघितलाच पाहिजे. १९६२ चा चित्रपट, दिग्दर्शक बीरेन नाग, निर्माते हेमंत कुमार. शेरलॉक होम्सच्या शिकारी कुत्र्याच्या गोष्टीवरून घेतलेला, असे सांगतात. पण ती गोष्ट इथल्या मातीत आली आणि बदलली. ठाकुराने गावातल्या एका मुलीवर अत्याचार केला, मुलीने जीव दिला, आणि तेव्हापासून तिचा आत्मा त्या घराण्यातल्या पुरुषांना मारतो, असे गाव मानते. रहस्य उलगडते तेव्हा कळते की मारणारा त्या मुलीचा बाप आहे. गावात वावरणारा, साऱ्यांच्या परिचयाचा म्हातारा. वीस वर्षे तो कोणत्या ठाण्यात फिर्याद देणार होता? फिर्याद लिहून घेणारा कोणाच्या पानातले खात होता? चित्रपट हे विचारत नाही. त्याला नायकाचे लग्न लावायचे असते. पण विहारात बसलेल्या बायकांनी विचारले. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "भूत कुठलं त्याच्यात? ती तर केस आहे."

कमाल अमरोहींच्या 'महल'ची (१९४९) गोष्ट आणखी वेगळी. बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा. नव्या मालकाला वाड्यात रात्री एक स्त्री दिसते, ती पूर्वजन्मीची प्रेयसी कामिनी असल्याचे त्याला वाटते, आणि तो लग्नाच्या बायकोलाही विसरतो. ती कोण, हे शेवटी भर कोर्टात उघड होते. ती आशा, वाड्याच्या माळ्याची मुलगी. मधुबालेच्या रूपाविषयी आणि पुनर्जन्माविषयी समीक्षकांनी बरेच लिहिले. माळ्याच्या मुलीविषयी कमी लिहिले. माळ्याची मुलगी म्हणून तिला त्या दिवाणखान्यात बस म्हणून कोणी म्हटले नसते. भूत म्हणून मात्र मालक तिच्यामागे सज्जासज्जातून धावतो. घरात शिरायला तिला मेलेली व्हावे लागते. आणि गंमत बघा, लता मंगेशकरांनी गायलेल्या त्यातल्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते. राबणारी खरी बाई तिथेही भुताच्या नावाआड.

'मधुमती'त (१९५८) भूत खरे निघते, हे मान्य केले पाहिजे. बिमल रॉय यांचे दिग्दर्शन, कथा ऋत्विक घटक यांची. जमीनदार उग्रनारायणाच्या हवेलीवरून पडून मेलेली डोंगरातली मुलगी परत येते आणि लपलेल्या पोलिसांच्या देखत त्याच्याकडून गुन्हा कबूल करून घेते. (पोलिसांसमोरची कबुली १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने अग्राह्य, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच. पण इथे कबुली भुताला दिलेली! बचावाच्या वकिलाची पंचाईतच.) पटकथाकारांना मेलेली मुलगी परत आणावी लागली, कारण जिवंत साक्षीदार हवेलीविरुद्ध टिकेल असे त्यांनाही वाटले नसावे.

भुताच्या घराचा याहून भयंकर प्रसंग कोणत्याही पडद्यावर नाही. तो बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आहे. १९१७ साल, बडोदा. कोलंबियाला शिकून आलेल्या माणसाला राहायला कोणी जागा देत नाही. पारशी नाव घेऊन ते पारशी विश्रामगृहाच्या माडीवर राहतात. अडगळीने भरलेला दालनवजा हॉल, विजेचा दिवा नाही, हातात कंदील, डोक्यावर फिरणारी वटवाघळे. सारे सामान भुताच्या चित्रपटाचे आहे. मात्र अकराव्या दिवशी सकाळी जिना चढून वर येतात ते हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी. बाबासाहेबांना ती जागा सोडावी लागली, आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. हे पान वाचलेल्याला हवेलीचे दार किंचाळले म्हणून काय वाटणार?

आणि हे सारे मागे पडले असेही नाही. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत वाडे आणि चाळी पडून टॉवर उभे राहिले, दर चौरस फुटाला भाव आला, तशी खोलीला 'बाधा' होण्याची प्रकरणेही आमच्या टेबलावर येऊ लागली. काही वर्षांपूर्वी डोंबिवलीकडची एक विधवा बाई आली. दिराने भगत आणून खोलीत लिंबू-कुंकू मांडले, नवऱ्याला हिनेच खाल्ले अशी बोंब उठवली, शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. आम्ही पहिला प्रश्न विचारला, इमारत पुनर्विकासाला गेली आहे का? गेली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर राज्याने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात भुताची भीती घालणे आणि एखाद्यावर करणीचा आळ घेणे गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा, दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्या कलमांचा उल्लेख करून नोटीस गेली आणि खोलीतली बाधा आठवड्यात उतरली.

म्हणून दादांना आमचे उत्तर असे की, पोरांना हे चित्रपट जरूर दाखवावेत, पण मध्यंतरात दिवे लावून एकच प्रश्न विचारावा: भूत निघाले तर घर कोणाला मिळणार? दहा-बारा वर्षांची पोरे बरोबर माणूस ओळखतात. 'वह कौन थी'च्या वेळी एका मुलीने तबकडी संपायच्या आधीच प्रेम चोप्राकडे बोट दाखवले होते.

अडचण आहे ती तबकड्यांची. कॅसेटना बुरशी लागली, व्हीसीडीवर ओरखडे आहेत, प्लेअर दुरुस्त करणारे दुकान शोधावे लागते. मोबाइलवर हे चित्रपट सापडतात, पण तो एकट्याने बघण्याचा प्रकार झाला, आणि चर्चा होत नाही. पुढच्या शनिवारी 'महल' आहे. आमच्याकडची 'कोहरा'ची तबकडी अर्ध्यात अडकते. कोणा समाजबांधवाच्या कपाटात चांगली प्रत पडून असेल तर ती विहारात आणून द्यावी.