मोटार जळते ती विजेने की वायरने?



पैनगंगेच्या व पूस नदीच्या काठी, उमरखेड-पुसद भागात, उन्हाळ्यात ऊस पाण्याला आला की मोटार जळाल्याची तक्रार हमखास ऐकू येते. दोष विजेच्या कमी दाबाला दिला जातो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. पण डीपीपासून विहिरीपर्यंत आपणच टाकलेली वायर किती दाब खाते, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. तो अवघड नाही.

विजेला वाटेत जो अडथळा होतो त्याला रोध म्हणतात. हा रोध तीन गोष्टींवर ठरतो: वायरची लांबी, जाडी आणि धातूची जात. लांबी दुप्पट, तर रोध दुप्पट. कापलेल्या तोंडाचे क्षेत्रफळ दुप्पट, तर रोध निम्मा. तिसरी गोष्ट म्हणजे रोधकता. हा धातूचा अंगचा गुण. वायर कापा की जोडा, तो बदलत नाही. जमिनीचा कस आणि रानाचे उत्पन्न यांत जो फरक, तसाच इथे समजा. कस मातीचा असतो, उत्पन्न मात्र किती एकर पेरले यावरही असते. अॅल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या सुमारे 1.6 पट आहे.

आता हिशेब पाहू. 5 हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार सुमारे 7.5 अँपिअर करंट घेते. 300 मीटर अंतरावर 4 चौरस मिलीमीटरची अॅल्युमिनियम वायर टाकली, तर एकेका तारेचा रोध सुमारे 2.1 ओहम होतो. तिन्ही तारांत मिळून 350 वॅट, म्हणजे जवळजवळ अर्धा हॉर्सपॉवर, नुसती वायर तापविण्यात जातो. मोटारीपाशी दाबही 20 ते 25 व्होल्टने कमी पोचतो. आधीच दाब कमी, त्यात ही तूट! पंपाचे काम तर तेवढेच राहते. मग मोटार जादा करंट ओढते, वाइंडिंग तापते आणि जळते. तीच वायर 10 चौरस मिलीमीटरची असेल, तर वाया जाणारी वीज 140 वॅटवर येते.

उन्हाचाही यात वाटा आहे. तापमान अंशाने वाढले की तांबे-अॅल्युमिनियमची रोधकता सुमारे 0.4 टक्के वाढते. वायर 20 अंशांऐवजी 60 अंशांवर गेली, की रोध 16 टक्के जास्त. सैल, काळा पडलेला सांधा त्यात आणखी भर घालतो.

म्हणून वायर घेताना भाव विचारण्याआधी दुकानदाराला अंतर व मोटारीचे हॉर्सपॉवर सांगा. सांधे कमी ठेवा आणि हंगामाआधी ते वायरमनकडून आवळून घ्या. जाड वायरीला पैसा एकदाच लागतो. मोटार बांधायला मात्र तो दरवेळी लागतो, आणि तोवर ऊस वाळतो तो निराळाच.