स्लोवर न टिकणारी जिप्सी

सप्तशृंगीचा घाट उतरून नांदुरीत आलं की बहुतेक गाड्या चहासाठी थांबतात. माझ्या मित्राची जिप्सी तिथे थांबायची आणि लगेच बंद पडायची. पुन्हा स्टार्टर मारला की चालू. मग आरपीएमचा काटा ६०० वर, तिथून १४००, पुन्हा खाली, पुन्हा वर. मिस्त्री लोक याला ‘हंटिंग’ म्हणतात. चढाला गाडी झकास ओढते, रस्त्यावर तक्रार नाही, उभी राहिली की मात्र तिला धाप लागते.

जिप्सी पहिल्यांदा आली १९८५ मध्ये, ९७० सीसीचं इंजिन घेऊन. १९९६ ला १२९८ सीसीची जिप्सी किंग आली, पुढे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. मित्राची गाडी या शेवटच्या घराण्यातली. पण त्याच्या हाती आली तेव्हाच तिची निम्मी कुंडली बदललेली होती. मूळ एअर फिल्टरच्या डब्याऐवजी उघडा कोन फिल्टर, मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी बाहेरून आणलेला हेडर, मोठे टायर, शिवाय गुरगुरणारा सायलेन्सर. आवाजाला गावातली पोरं खूश, आणि मालकही.

कळवणला ज्या मिस्त्रीकडे गाडी नेली, त्याने बॉनेट उघडलंच नाही. “काय व्हयनं?” एवढं विचारून तो पाने पुसत बसला. मित्राने लक्षणं सांगितली. मग दुसरा प्रश्न: “यात काय काय बदललंय, कधी, कुणी? आणि त्याआधी गाडी स्लोला टिकत होती का?” मित्राला धड उत्तर देता आलं नाही. मला वाटतं, फेरफार केलेल्या गाडीची अर्धी तपासणी याच प्रश्नात असते. कंपनीतून आलेली गाडी बिघडली तर एक भाग बिघडलेला असतो. बदललेल्या गाडीत मात्र भाग सगळे धड असतात, फक्त त्यांचं आपसात पटत नाही.

इंजिन स्लोला, म्हणजे पाय रेसवरून काढल्यावर, फारच थोड्या हवेवर जगतं. थ्रॉटलचं झाकण जवळजवळ बंद. बाजूच्या बारीक वाटेने जी हवा जाते, ती एक छोटा व्हॉल्व्ह कमीजास्त करतो आणि काटा साडेआठशेच्या आसपास ठेवतो. महामार्गावर इंजिन भरमसाट हवा ओढत असताना एखाद्या भेगेतून चिमूटभर जास्त आली तर कुणाला कळतही नाही. स्लोला तीच चिमूट मोठी होते. म्हणून ‘पळते तेव्हा ठीक’ ही तक्रार ऐकली की मिस्त्रीचा हात आधी नळ्यांकडे जातो.

हा काटा झोके का घेतो, तेही समजण्यासारखं आहे. ज्या इंजिनात कॉम्प्युटर इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतो, तिथे गळतीतून आलेली हवा दाब वाढवते. कॉम्प्युटर त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल देतो, काटा चढतो. पाय तर रेसवर नाही, तरी फेरे जास्त. कॉम्प्युटरला वाटतं, गाडी उतारावर गिअरमध्ये आहे, पेट्रोल बंद करा. काटा कोसळतो, कॉम्प्युटर घाईने पुन्हा पेट्रोल सोडतो. हा खेळ मिनिटाला कितीदाही चालतो. यात कॉम्प्युटर खराब नाही, त्याच्या हाती चुकीची माहिती आहे. तो बदलायला निघालेल्या माणसाला मी हात जोडून थांबवेन.

मिस्त्रीने पहिलं काम केलं ते कानाचं. लांब पेचकसाचं टोक मॅनिफोल्डला आणि मूठ कानाला. मग इंजिन चालू ठेवून नळ्या एकेक चिमटीत धरल्या. ब्रेक बूस्टरची नळी दाबली, फरक नाही. कार्बोरेटर क्लीनरचा जरासा फवारा जोडांवर मारला. तापलेल्या हेडरपासून दूर, ही गोष्ट त्याने दोनदा सांगितली. एका जागी फवारा पडताच काटा लगेच हलला. जुना डबा काढताना मोकळं राहिलेलं एक बारीक तोंड तिथे होतं. कुणीतरी टेपने बुजवलेलं, आणि उष्णतेने टेप सुटलेली.

तिथे रबरी टोपी बसवली. काटा जरा सुधारला, पण निवांत झाला नाही. मग व्हॅक्यूम गेज निघालं. ते मला फार आवडतं, कारण त्याला वीज लागत नाही. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा असतो: निरोगी पेट्रोल इंजिन स्लोला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याचं निर्वात ओढतं. पण दर हजार फूट उंचीमागे त्यातून जवळजवळ एक इंच वजा करायचा. कळवण सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे दोन इंच इथेच गेले. सप्तशृंगी गडावर तोच आकडा आणखी खाली. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून कळवणात इंजिन खोलायला काढलं, तर मालक फुकटचा लुबाडला जातो. सुई स्थिर आहे की थरथरते, हे आकड्यापेक्षा जास्त सांगतं. इथे ती स्थिर होती, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रिंगा सुखरूप.

दुसरा दोष हेडरच्या गॅस्केटला निघाला. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी तिथे बारीक गळती होती. धूर बाहेर पडतो तसा ठोक्यांच्या मध्ये बाहेरचा वारा आतही शिरतो. सेन्सर तो वारा पाहून ‘पेट्रोल कमी’ म्हणतो, कॉम्प्युटर उगाच जास्त ओततो, आणि प्लग काळे पडतात. मित्राने वर्षभरात दोनदा प्लग बदलले होते.

तिसरं काम साधं. हवेच्या छोट्या व्हॉल्व्हमधला कार्बन साफ केला.

या सगळ्यात स्कॅनर कुठे आहे, असं कुणी विचारेल. भारतात ओबीडीची, म्हणजे गाडीचा दोष कोडने सांगणाऱ्या यंत्रणेची, सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि ही गाडी त्याआधीची. त्यातून कोड वाचूनही टेप सुटली हे समजलं नसतं. जुन्या कार्बोरेटरच्या जिप्सीवाल्यांना तर स्लोची आणखी एक काळजी आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या भरवशावर ते भरून काढते. जुन्या कार्बोरेटरला ते जमत नाही. त्याचं मिश्रण पातळ होतं, आणि स्लोला ते सगळ्यात आधी जाणवतं.

आणि असे बदल मुळात कायद्यात बसतात का? सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे की मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेला सोडून बदल करता येत नाहीत. कळवणात हे ऐकून लोक हसतात. मला मात्र हा निकाल इंजिनाच्या बाजूने वाटतो. गाडी घडवणाऱ्याने हवा, पेट्रोल आणि धूर यांचा जमवलेला हिशेब एक डबा काढला तरी मोडतो.

जुना डबा परत बसवायला मिस्त्री तयार होता, पण मालकाने तो भंगारात दिला होता. कोन फिल्टर राहिला, काटा ९०० च्या आसपास टिकतो आणि नांदुरीत चहा होतो. तुमच्या गाडीचं काही बदलत असाल तर काढलेला भाग पोत्यात घालून माळ्यावर ठेवा, आणि तारीख टाकून लिहून ठेवा. मिस्त्री तेच पहिलं विचारणार आहे.