विलीचं गोत्र कोणतं?

दक्षिण आफ्रिकेत किनाऱ्यालगतच्या झाडोऱ्यातून ‘विली!’ अशी खणखणीत शीळ येते. शीळ घालणारा मात्र सहसा दिसत नाही. दिसलाच, तर आपल्या बुलबुलाच्या अंगलटीचा, मळकट हिरवा, पांढुरक्या डोळ्यांचा पक्षी. आफ्रिकान्स भाषेत त्याचं नावच विली. शास्त्रीय नाव अँड्रोपॅडस इम्पॉर्च्युनस. फळं हे त्याचं मुख्य खाणं, जोडीला किडे. छोटी फळं तो अख्खी गिळतो. गर पचतो आणि बिया विष्ठेबरोबर दूर जाऊन पडतात.

त्याची कुंडली मांडताना शास्त्रज्ञांची बरीच दमछाक झाली. व्हिएयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये त्याला कस्तुरांच्या पंगतीला बसवलं. १८३२ मध्ये स्वेन्सन यांनी त्याच्यासाठी अँड्रोपॅडस ही वेगळी प्रजाती केली. प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. अशा प्रजातींचं मिळून कुल होतं. विलीचं कुल बुलबुलांचं. पुढे आफ्रिकेतल्या जंगलांत तसलेच हिरवट पक्षी सापडत गेले आणि अँड्रोपॅडसमध्ये डझनभर जातींची भरती झाली.

रंग, चोच, पंख यांवरून नातं ठरवण्यात एक धोका असतो. दाट पानोळ्यात लपायला हिरवट रंग सगळ्यांच्याच उपयोगाचा. त्यामुळे नात्याने लांबचे पक्षीही सारखे दिसू लागतात. मादागास्करमधले असेच काही ‘बुलबुल’ तर डीएनए तपासल्यावर बुलबुल नव्हतेच, वेगळ्याच कुलातले निघाले.

या शतकाच्या पहिल्या दशकात विलीच्या गोतावळ्याचाही डीएनए तपासला गेला आणि एकत्र कुटुंब फुटलं. डोंगराळ जंगलांतल्या जाती अॅरिझेलोसिक्लामध्ये गेल्या, लिटल ग्रीनबुल आणि त्याचे सोबती युरिलासमध्ये, तर एक जात स्टेल्गिडिलासमध्ये. अँड्रोपॅडसमध्ये उरला एकटा विली.

याच अभ्यासांतून बुलबुल कुलाच्या दोन मोठ्या शाखा स्पष्ट झाल्या, एक आफ्रिकी आणि एक आशियाई. विली आफ्रिकी शाखेतला. पण त्याच्याच परिसरात फळं खाणारा काळ्या डोक्याचा बुलबुल मात्र आशियाई शाखेतला. त्याचे पूर्वज आशियातून तिकडे गेले. म्हणजे शेजारच्या विलीपेक्षा त्याचं जवळचं नातं आपल्या अंगणातल्या लालबुड्या बुलबुलाशी आहे.

जुनी पक्षी-पुस्तकं जरूर वाचा, पण शास्त्रीय नावं मात्र नव्या यादीशी ताडून पाहा.