जगाच्या माथ्यावरचे राष्ट्रीय उद्यान

जगाचे छप्पर म्हटले की आपल्याला पामीरचे पठार आठवते. परंतु वाचकहो, ज्याच्या नावाचा अर्थच 'जगाचा माथा' असा आहे, असे एक स्थळ याच पृथ्वीवर आहे. इन्युइट लोकांच्या भाषेत त्याला कुत्तिनिर्पाक म्हणतात. कॅनडाच्या अगदी उत्तरेस, एल्समियर बेटावर हे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. १९८८ साली संरक्षित झालेल्या या प्रदेशाचे क्षेत्रफळ ३७,७७५ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या केरळ राज्याएवढे! त्याच्या उत्तर टोकापासून ध्रुव ८०० किलोमीटरांच्याही आत आहे.

हा हिमप्रदेश वस्तुतः वाळवंट आहे, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. अतिशीत हवेत बाष्प फारसे मावत नाही. त्यामुळे वर्षाकाठी येथे जेमतेम काही सेंटिमीटर पर्जन्य पडते. हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्यदर्शन होत नाही. तथापि हेझन सरोवराच्या परिसरात, डोंगरांच्या आडोशाला, उन्हाळ्यात गवत उगवते, फुलेही उमलतात. त्यांच्या आधारावर पांढरे ससे आणि लांब केसांचे मस्क-ऑक्स जगतात. लांडगे चालून आले की मस्क-ऑक्स पळत सुटत नाहीत. वासरांना मध्ये घेऊन, शिंगे बाहेर रोखून ते कडे करतात.

या प्राण्यांच्या मागोमाग चार हजार वर्षांपूर्वीच मनुष्य येथे पोहोचला. त्याच्या तंबूंभोवती मांडलेले दगड अद्यापि दिसतात.

पुढे १८८१ साली ग्रीली या अमेरिकन अधिकाऱ्याने वैज्ञानिक निरीक्षणांसाठी फोर्ट काँगर येथे ठाणे उभारले. १८८२ मध्ये मदतीचे जहाज बर्फामुळे पोहोचू शकले नाही. १८८३ मध्ये निघालेले बर्फात चिरडून बुडाले. आधी मिळालेल्या आज्ञेप्रमाणे तुकडीने ठाणे सोडले व ती नावांतून दक्षिणेस निघाली. तेथे अन्नावाचून हिवाळा काढावा लागला. २५ जणांपैकी अवघे ६ जण स्वदेशी परतले. निरीक्षणांच्या नोंदी मात्र त्यांनी जपून आणल्या.

१९०० साली पिअरीने ग्रीलीच्या ठाण्यातील मोठ्या घराचे लाकूड काढून लहान लहान झोपड्या उभारल्या. लहान जागा थोड्या इंधनावर ऊबदार राहते, हे शहाणपण त्याने इन्युइट लोकांकडून घेतले होते.

आज या प्रदेशाला थंडीपेक्षा उष्णतेचे भय अधिक आहे. वॉर्ड हंट बेटाजवळ समुद्रावर तरंगणारा, हजारो वर्षांचा बर्फाचा जाड थर २००२ च्या सुमारास दुभंगला आणि त्याने अडवून धरलेले गोडे पाणी समुद्रात वाहून गेले. तेथे मनुष्यवस्ती नाही, कारखाने नाहीत; हवेत उष्णता वाढवणारा धूर दूरच्या देशांतून, आपल्याही देशातून निघतो. जगाचा माथा दूर खरा. पण त्याची राखण आपल्या अंगणापासूनच सुरू होते.