उर्दू साहित्याचा वारसा : ग्रंथ, लिपी आणि वाचक

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील :
• साहित्याचे जतन आणि ग्रंथांचे जतन यांतील फरक
• दखनी ग्रंथांच्या संपादनाचे उर्दू साहित्येतिहासातील महत्त्व
• उर्दू साहित्याच्या देवनागरी लिप्यंतराचे लाभ व मर्यादा

1. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, साहित्याचे जतन म्हटले की हस्तलिखिते, ग्रंथालये आणि पुनर्मुद्रणे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ग्रंथ सुरक्षित असतो आणि तो वाचणारा मात्र उरत नाही, असेही घडते. मोडीचे उदाहरण तुमच्या परिचयाचे आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराचे बहुतांश कागद मराठीतच आहेत; तरीही बहुसंख्य मराठी भाषकांना ते आज वाचता येत नाहीत. भाषा तीच राहिली, लिपीचा परिचय तेवढा सुटला.

उर्दूची स्थिती इतकी टोकाची नाही. तिची लिपी आजही शाळांत शिकवली जाते व वृत्तपत्रांत छापली जाते. 2011 च्या जनगणनेत सुमारे 5 कोटी 7 लाख भारतीयांनी उर्दू ही मातृभाषा नोंदवली. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे 75 लाख होती. मात्र 2001 च्या जनगणनेत देशातील आकडा सुमारे 5 कोटी 15 लाख होता. शिवाय मातृभाषा उर्दू असणे आणि उर्दू लिपीत साहित्य वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या अनेकांना घरची भाषा बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून वारशाचा विचार करताना ग्रंथ, लिपी आणि वाचक या तिन्ही घटकांकडे पाहावे लागते.

2. ग्रंथ : शोध आणि संपादन

या कार्याचे एक महत्त्वाचे केंद्र महाराष्ट्रात होते. 1903 मध्ये स्थापन झालेल्या 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेची धुरा 1912 मध्ये मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आली आणि तिचा कारभार औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) चालू लागला. पुढे सुमारे पाव शतक हे शहर उर्दू संशोधनाचे माहेरघर होते. 1921 पासून 'उर्दू' हे त्रैमासिक तेथून निघू लागले.

या संपादनकार्याने काय साधले ते पाहा. 1880 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आबे हयात' या ग्रंथात मुहम्मद हुसैन आज़ाद यांनी उर्दू काव्याचा आरंभ वलीपासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या कवीपासून मांडला होता. अब्दुल हक यांनी मुल्ला वजही यांचा 'सबरस' हा 1635 मधील दखनी गद्यग्रंथ संपादित करून 1932 मध्ये प्रकाशात आणला. हैदराबादेत मुहिउद्दीन कादरी ज़ोर यांनी 1940 मध्ये गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुत्बशाह याची समग्र कविता संपादित केली. अशा ग्रंथांमुळे उर्दू साहित्याचा आरंभ बराच मागे गेला आणि त्यातील दक्षिणेचे स्थान स्पष्ट झाले. मराठीच्या अभ्यासकाला या ग्रंथांत आणखी एक गोष्ट सापडते : दखनीतील नकारार्थी 'नक्को' आणि शब्दावर भर देणारा 'च' हे मराठी संपर्काचे ठळक पुरावे आहेत. हस्तलिखिते दुर्लक्षित राहिली असती, तर हा पुरावाही हाती लागला नसता.

3. लिपी : लाभ आणि हानी

स्वातंत्र्योत्तर काळात उर्दू काव्य देवनागरीत छापण्याची प्रथा चांगलीच रुजली. 2013 पासून 'रेख्ता' या संकेतस्थळाने उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत काव्य उपलब्ध केले, शब्दावर बोट ठेवताच अर्थ दिसण्याची सोय केली. ज्यांना उर्दू लिपी येत नाही अशा तरुण वाचकांसाठी हे दार मोठेच आहे.

लिप्यंतराचा भाषिक लाभही आहे. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे 'इस' आणि 'उस' हे दोन शब्द एकसारखेच लिहिले जातात व संदर्भावरून वाचावे लागतात. देवनागरीत ही अडचण नाही.

आता हानी पाहू. उर्दूत 'ज़' या एकाच ध्वनीसाठी ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोए अशी चार अक्षरे आहेत. देवनागरीत त्यांचा एकच 'ज़' होतो आणि मराठी मुद्रणात नुक्ताही गळून 'ज' उरतो. आपल्या 'नजर' आणि 'नजराणा' या शब्दांचे उदाहरण घ्या. ते एकाच मुळाचे वाटतात. उर्दू लिपीत मात्र 'नज़र' (दृष्टी) ज़ोएने लिहितात, तर 'नज़राना' ज़ालने. त्याचे मूळ 'नज़्र', म्हणजे अर्पण केलेली वस्तू, हे आहे. म्हणजेच शब्दाची वंशावळ लिपीत नोंदलेली असते आणि लिप्यंतरात ती पुसली जाते.

छंदाच्या बाबतीतही सावध राहावे लागते. मराठी वृत्तात 'ए' आणि 'ओ' गुरू मानतात. उर्दू काव्यात मात्र 'से', 'को', 'मेरा' यांतील अंत्य स्वर वृत्ताच्या गरजेनुसार ऱ्हस्व उच्चारता येतो. केवळ देवनागरी पाहून मात्रा मोजणाऱ्यास निर्दोष ओळही चुकीची वाटेल.

याहून मोठी हानी निवडीची आहे. देवनागरीत प्रामुख्याने लोकप्रिय गझल येते. जुनी कविचरित्रे, पत्रव्यवहार, समीक्षा, नियतकालिके यांचा फार मोठा भाग उर्दू लिपीतच राहतो. त्यांच्या पृष्ठांच्या प्रतिमा संगणकावर साठवल्या, तरी त्या वाचण्यासाठी लिपी यावीच लागते. नव्या पिढीला लिप्यंतर हाच एकमेव मार्ग उरला, तर उर्दूचा वारसा काही शे गझलांपुरता आक्रसेल.

4. वाचक : मराठी परंपरेतून एक धडा

वाचक घडवण्यासाठी साधने लागतात. माधव जूलियन यांनी 1925 मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला आणि 'गज्जलांजली'तून गझलेची वृत्ते मराठीत रुजवली. श्रीपाद जोशी आणि न. शे. पोहनेरकर यांनी उर्दू-मराठी शब्दकोश दिला. या अभ्यासकांनी शब्दाचे मूळ, अर्थ आणि छंद मराठी वाचकाच्या हाती दिले. आस्वादाला अभ्यासाची जोड मिळाली की परभाषेतील वारसाही आपल्या भाषेला समृद्ध करतो, हे यातून दिसते.

म्हणून देवनागरी आणि उर्दू लिपी यांना प्रतिस्पर्धी मानू नये. देवनागरीतून परिचय व्हावा, कानांनी लय ओळखावी आणि मग त्यांतील काहींनी तरी मूळ लिपीकडे वळावे, असा क्रम उपयुक्त ठरतो. प्रत्येक वाचकाने लिपी शिकलीच पाहिजे असे नाही. परंतु प्रत्येक पिढीत ती जाणणारे संपादक, अनुवादक व शिक्षक पुरेसे असलेच पाहिजेत.

5. सारांश

ग्रंथ सापडणे व छापले जाणे ही जतनाची पहिली पायरी होय. लिप्यंतराने वाचकवर्ग विस्तारतो, पण शब्दांचे मूळ, छंदाची सूक्ष्मता आणि गद्याचा मोठा साठा मागे राहतो. मूळ लिपी वाचणारे लोक पिढ्यान्पिढ्या तयार होत राहिले, तरच वारसा जिवंत राहतो.

स्वाध्याय

1. 'नजर' आणि 'नजराणा' या शब्दांच्या आधारे लिपी व व्युत्पत्ती यांचा संबंध स्पष्ट करा.
2. दखनी ग्रंथांच्या संपादनामुळे उर्दू साहित्येतिहासात कोणता बदल झाला?
3. मोडी आणि उर्दू या लिप्यांच्या आजच्या स्थितीची तुलना करून तुमचे मत मांडा.