कोऱ्या पाटीची चोरी

अमेरिकेतील अठरा वर्षांच्या एका मुलीची कल्पना करू. शिक्षणासाठी कर्ज मागायला ती आयुष्यात प्रथमच बँकेत जाते आणि तिला नकार मिळतो. का? तर तिच्या क्रमांकावर दहा वर्षांपासून कोणीतरी कर्जे काढून बुडवली आहेत. म्हणजे ही मुलगी तिसरीत असल्यापासूनच 'कर्जबुडवी' होती! असे कसे घडते आणि त्यावर कायद्याने कोणता उपाय काढला, ते आपण पाहू.

वाणी ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधार देतो, कारण त्याची पत वाण्याला ठाऊक असते. अमेरिकेत ही पतनोंद प्रामुख्याने इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या ठेवतात. कर्ज देणारा त्यांच्याकडे विचारणा करतो. माणूस ओळखण्याचा तेथील मुख्य आधार म्हणजे नऊ अंकी सोशल सिक्युरिटी क्रमांक. तो १९३६ पासून दिला जाऊ लागला, तो कामगारांच्या कमाईची नोंद ठेवण्यासाठी. १९८६ च्या करकायद्याने अवलंबून असलेल्या मुलांचेही क्रमांक मागितले आणि पुढे जन्मनोंदणीबरोबरच क्रमांक घेण्याची पद्धत पडली.

खरी गोम येथेच आहे. नाव सर्वांना सांगण्यासाठी असते, किल्ली लपवून ठेवण्यासाठी. या क्रमांकाला मात्र दोन्ही कामे करावी लागली.

क्रमांकाचे गणित

नऊ अंकांच्या १०० कोटी जुळण्या होतात. मग क्रमांक ओळखणे अवघड असायला हवे. परंतु २०११ पर्यंत पहिले तीन अंक प्रदेशानुसार आणि पुढचे दोन ठरावीक क्रमाने दिले जात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अक्विस्टी आणि ग्रॉस यांनी २००९ मध्ये मृत व्यक्तींच्या उपलब्ध नोंदींवर एक प्रयोग केला. १९८९ ते २००३ या काळात जन्मलेल्यांपैकी ४४ टक्के व्यक्तींचे पहिले पाच अंक त्यांना केवळ जन्मतारीख आणि जन्माचे राज्य यांवरून पहिल्याच प्रयत्नात ओळखता आले. पाच अंक कळले, की उरतात फक्त १०,००० शक्यता! शिवाय आपल्या आधार क्रमांकात शेवटी असतो तसा पडताळणीचा अंक या क्रमांकात नाही.

२५ जून २०११ पासून नवे क्रमांक यादृच्छिक पद्धतीने दिले जातात. अंदाज बांधणे त्यामुळे कठीण झाले. पण क्रमांक नुकताच दिलेला आहे की जुना, हेही आता अंकांवरून कळत नाही. ते चोराच्या पथ्यावरच पडले. लहान मुलाचा क्रमांक घ्यायचा, त्याला खोटे नाव आणि प्रौढाची जन्मतारीख जोडायची, की कागदावर एक नवाच माणूस उभा राहतो. पाटी कोरी असल्याने विसंगती दिसत नाही आणि मूल मोठे होईपर्यंत कोणी चौकशीही करत नाही.

याच विद्यापीठातून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात ४२,२३२ मुलांचे क्रमांक तपासले होते. त्यांतील ४,३११, म्हणजे १०.२ टक्के क्रमांक दुसरेच कोणी वापरत असल्याचे आढळले. मात्र ही मुले यादृच्छिकपणे निवडलेली नव्हती. त्यामुळे हे प्रमाण साऱ्या देशाला लावता येणार नाही.

नसलेल्या घराला कुलूप

प्रौढ व्यक्तीला आपली पतनोंद 'गोठवता' येते. मग नव्या कर्जासाठी ती कोणाला दाखवली जात नाही आणि सहसा कर्जही मिळत नाही. पण मुलाची नोंदच नसते. मग गोठवायचे काय? मेरीलँड राज्याने २०१२ मध्ये कायदा करून हा पेच सोडवला. १ जानेवारी २०१३ पासून तेथील पालक मागणी करू शकतात. नोंद नसेल, तर कंपनीने ती केवळ गोठवण्यासाठी तयार करायची. घर नसेल तर आधी दार उभारा आणि त्याला कुलूप लावा, असाच हा प्रकार! २०१८ च्या संघराज्य कायद्याने सोळा वर्षांखालील सर्व मुलांसाठी ही सोय देशभर आणि विनामूल्य केली. क्रमांक, नाव आणि जन्मतारीख जुळतात की नाही, हे ग्राहकाच्या संमतीने सरकारी कार्यालयाला विचारण्याची वाटही त्याच कायद्याने बँकांना मोकळी करून दिली.

तरी एक प्रश्न उरतो. कुलूप लावायचे पालकांनी. पण चोर घरातलाच असला तर? आणि ज्यांना पालकच नाहीत त्यांचे काय? शासनाच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांसाठी २०११ मध्ये वेगळी तरतूद झाली. सोळा वर्षांपुढील अशा मुलांची पतनोंद दरवर्षी तपासून चुका दुरुस्त करायला मदत करणे यंत्रणेवर बंधनकारक झाले. २०१४ मध्ये ही वयोमर्यादा चौदावर आणली गेली.

आपल्या शाळांच्या दप्तरांतही मुलांच्या जन्मतारखा आणि आधार क्रमांक असतात. आपली व्यवस्था वेगळी आहे. परंतु ओळख पटवणारा आकडा गुपित म्हणून वापरू नये आणि गरजेपेक्षा जास्त ठिकाणी लिहू नये, हा धडा आपल्यालाही लागू आहे. मुलांना आपली पाटी कोरीच मिळायला हवी; तिच्यावरचे पहिले अक्षर त्यांचेच असावे.