बाळंतिणीचं रक्त मोजणाऱ्या नर्सबाई

आपल्यापैकी बऱ्याच घरांत एखाद्या पणजीची किंवा चुलत आजीची गोष्ट सांगितली जाते. बाळंतपण सुखरूप झालं, बाळ रडलं, पण मागाहून अंगावरून फार गेलं आणि तासाभरात बाई गेली. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत याच तासाभराचा अभ्यास झाला आणि त्याची दखल जगभर घेतली गेली. आपल्याच मंडळींना मात्र तो फारसा ठाऊक नाही, म्हणून हे टिपण.

बाळ जन्मल्यावर आणि वार पडल्यावर गर्भाशय आवळलं गेलं की रक्त आपोआप थांबतं. ते सैल राहिलं तर रक्त वाहतच राहतं. ते आवळण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, पण ते थंड जागी ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. खेड्यातल्या घरी रात्री दोन वाजता यातलं काय असणार? मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही. प्रश्न एवढाच होता, की गावात, नर्सबाईच्या हातून, त्यांचा खरोखर उपयोग होतो का?

इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले आणि अमेरिकेतले डॉक्टर यांनी मिळून २००२ ते २००५ या काळात हे तपासलं. त्यासाठी बाहेरून संशोधक आणून गावात बसवले नाहीत. चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत आधीपासून बाळंतपणं करणाऱ्या २५ नर्सबाईंनाच तयार केलं. बाळंतपण त्याच करायच्या, गोळ्या त्याच द्यायच्या, रक्त त्याच मोजायच्या. आमच्या मते या अभ्यासाचा खरा जीव इथेच आहे.

रक्त मोजायचं कसं, हाही प्रश्नच होता. पूर्वी कपडे, चटई बघून अंदाज बांधायचे, आणि नजरेचा अंदाज नेहमी कमी भरतो. म्हणून बाळंतिणीखाली घालायचं प्लॅस्टिक तयार केलं. त्याच्या टोकाला मापाच्या खुणा असलेली पिशवी. त्यात रक्त जमतं, आणि आकडा वाचता येतो. ५०० मिलिलिटरला धोका धरायचा.

एकूण १६२० बायका सहभागी झाल्या. ८१२ जणींना औषध, ८०८ जणींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. कोणाला काय मिळालं हे नर्सबाईंनाही माहीत नव्हतं. निम्म्या बायकांना औषध का दिलं नाही, असं वाचताना मनात येतं, आणि ते यायलाच हवं. पण तेव्हा गावातल्या बाळंतपणात असं औषध मिळतच नव्हतं आणि ते लागू पडतं की नाही हेच ठरवायचं होतं.

निकाल २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. औषध न मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना अति रक्तस्राव झाला, औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के. म्हणजे १८ जणींना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो. एक लिटरपर्यंत पोचणारा गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. गोळ्यांनी काही जणींना थंडी वाजली, ताप आला, पण तो थोड्या वेळाने उतरला. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी हे औषध आपल्या अत्यावश्यक यादीत घेतलं.

दवाखान्यातच राहून संशोधन करणारी माणसं घडवायची, हा विचार आता मोठ्या देशांतही रुजतो आहे. अमेरिकेत २०१८ साली अशा शिक्षणासाठी ११ केंद्रांना पाच वर्षांकरता चार कोटी डॉलर मंजूर झाले. आपल्याकडे त्याआधीच २५ नर्सबाई हे काम करून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांची नावं घराघरांत पोचली नाहीत, ही गोष्ट आम्हाला थोडी खुपते.

मापाची पिशवी पुढेही कामाला आली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत अशी पिशवी आणि ठरावीक उपचार एकत्र वापरून पाहिले. २०२३ साली निष्कर्ष आले, तेव्हा गंभीर रक्तस्राव व त्याचे परिणाम ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलेले दिसले.

ज्या घरांत सून किंवा लेक गरोदर आहे, त्यांच्यासाठी एवढंच. या गोळ्या बाळ जन्मण्याआधी, आपल्या मनाने, कधीही द्यायच्या नाहीत. त्याने गर्भाशयाला गंभीर इजा होऊ शकते. बाळंतपण दवाखान्यातच करा, आणि पहिले दोन तास तिला एकटी सोडू नका. अंगावरून जास्त जातंय असं वाटलं तर "असं होतंच" म्हणून गप्प न बसता लगेच सिस्टरना हाक मारा.